उदारमतवादी उमेदवाराला मत देणे पाप आहे काय?

2024 च्या ऑक्टोबर महिन्यात सांगली जिल्ह्यातील एका भगिनीचे पत्र आमच्याकडे आले. त्यांचा मुलगा अनेक वर्षांपासून अमेरिकेत न्यू जर्सी राज्यात राहतो. काही वर्षांपूर्वी त्याने तेथील नागरिकत्व घेतले. राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत आपण डेमोक्रॅटिक पक्षाच्या कमला हॅरिस यांना मत देणार असून शनिवारी त्यांच्या प्रचारासाठी मतदारांना फोन करण्याचे कामही करतो, असे त्याने आईला मोठ्या उत्साहाने सांगितले. त्याच आठवड्यात आईच्या भ्रमणध्वनीवर कोणीतरी एक चित्रफीत पाठवली. गर्भपाताचे समर्थन करणाऱ्या पक्षाला मत देणारा कॅथोलिक मनुष्य नरकात जाईल, असे त्यात छातीठोकपणे सांगितले होते. आईने ती मुलाला पाठवली. त्यावर दोघांत वाद झाला आणि पुढचे दोन रविवार मुलाचा फोन आला नाही. पत्राच्या शेवटी त्या माउलीने विचारले होते, "फादर, माझा मुलगा पापात आहे का? आणि आधी मीच त्याला 'तुला योग्य वाटेल ते कर' म्हणाले होते, तेव्हा मीही पापात आहे का?"

त्या वेळी आम्ही त्यांना खाजगी उत्तर पाठवले, परंतु येथे काही प्रसिद्ध केले नाही. निवडणुकीच्या धामधुमीत ख्रिस्तसभेच्या व्यासपीठावरून एखाद्या उमेदवाराचा प्रचार झाल्याचा आभासदेखील आम्हाला नको होता. ती निवडणूक होऊन डोनाल्ड ट्रम्प पुन्हा निवडून आले, याला आता बराच काळ लोटला आहे. मात्र अशाच आशयाचे प्रश्न साताऱ्यातून आणि सांगलीतून अधूनमधून येत असतात. म्हणून आमचे ते उत्तर थोडे विस्ताराने वाचकांपुढे ठेवत आहोत.

अमेरिकेच्या निवडणुकीशी आपल्या खेड्यापाड्यांचा काय संबंध, असे कोणी विचारील. कृष्णाकाठाला अमेरिका परकी नाही. डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी 1894 साली मिरजेत जे मिशन इस्पितळ सुरू केले, ते अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनचे होते. मिरज आणि सांगली परिसरातील आपली कितीतरी प्रॉटेस्टंट बांधवांची घराणी त्या मिशनच्या छायेत वाढली. आज प्रवासाची दिशा उलटी झाली आहे. आपली मुले तिकडे जातात, तेथे घरे घेतात, नागरिक होतात. शेजारच्या बेळगावात वाढलेले आणि 1979 साली शिक्षणासाठी तिकडे गेलेले श्री ठाणेदार हे मराठी गृहस्थ 2022 च्या निवडणुकीत मिशिगन राज्यातून डेमोक्रॅटिक पक्षाच्या वतीने अमेरिकन प्रतिनिधिगृहात निवडून गेले. ज्या घरातला मुलगा तेथे मत देतो, त्या घराला ही निवडणूक दूरची राहत नाही.

आता प्रथम शब्दाचा विचार करू. 'उदारमतवादी' हा शब्द मराठी माणसाला नवा नाही. कऱ्हाडजवळच्या टेंभू या गावी 1856 साली गोपाळ गणेश आगरकर जन्मले. 1888 मध्ये त्यांनी 'सुधारक' पत्र काढले आणि बालविवाह, केशवपन, जातिभेद यांवर निर्भीडपणे लिहिले. व्यक्तीच्या बुद्धीला आणि विवेकाला रूढीच्या वर स्थान देणारा, असा उदारमतवाद्याचा अर्थ आपल्याकडे त्या परंपरेतून रुळला. आगरकर निरीश्वरवादी विचारांचे होते, तरी त्यांच्या सामाजिक तळमळीपुढे कोणाही ख्रिस्ती माणसाने नतमस्तक व्हावे. (टेंभूचे नाव आज बहुतेकांना उपसा सिंचन योजनेमुळे ठाऊक असते. हेही काही वाईट नाही, दुष्काळी तालुक्यांना पाणी मिळाले.) अमेरिकेत मात्र 1930 च्या दशकातील महामंदीनंतर या शब्दाला निराळा अर्थ आला. गरिबांसाठी, कामगारांसाठी, वृद्धांसाठी शासनाने पुढाकार घ्यावा असे मानणारा तो 'लिबरल', असे लोक समजू लागले. कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्कांची चळवळ पुढे त्यात मिसळली. त्यानंतर स्त्रीच्या शरीरावरील अधिकाराचा प्रश्न आणि त्यासोबत गर्भपाताचा हक्क हेही त्याच गाठोड्यात बांधले गेले. एका शब्दात इतके सामावले असल्यामुळे 'लिबरल उमेदवाराला पाठिंबा' म्हणजे नेमके कशाला पाठिंबा, हे प्रत्येक वेळी विचारावेच लागते.

हे गाठोडे बांधले जाण्यापूर्वी अमेरिकेतील कॅथोलिक जनता बहुतांशी याच उदारमतवादी पक्षाच्या पाठीशी होती, ही गोष्ट आज पुष्कळांना ठाऊक नसते. आयर्लंड, इटली, पोलंड येथून पोटासाठी आलेले ते कष्टकरी लोक होते. 1928 साली डेमोक्रॅटिक पक्षाने न्यूयॉर्कचे गव्हर्नर आल्फ्रेड स्मिथ यांना उमेदवारी दिली. एखाद्या मोठ्या पक्षाने कॅथोलिक उमेदवार उभा करण्याची ती पहिलीच वेळ. हा मनुष्य निवडून आला तर देशाचा कारभार रोमहून चालेल, असा प्रचार त्यांच्याविरुद्ध झाला आणि हर्बर्ट हूवर यांनी त्यांचा पराभव केला. पराभवाची कारणे अनेक होती, पण धर्मद्वेष हे त्यांतील एक होते. अल्पसंख्य समाजाचा उमेदवार 'बाहेरच्यांचा हस्तक' ठरवला जाण्याचा अनुभव आपल्या देशातील ख्रिस्ती माणसाला समजावून सांगण्याची गरज नाही.

1936 च्या निवडणुकीतील एक प्रसंग तर आम्हा धर्मगुरूंनी अवश्य लक्षात ठेवावा असा आहे. फादर चार्ल्स कॉग्लिन हे रेडिओवरून लक्षावधी श्रोत्यांशी बोलणारे धर्मगुरू राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांच्यावर तुटून पडले होते. त्यांना उत्तर देण्यासाठी दुसरे धर्मगुरू, मोन्सिन्योर जॉन रायन, रेडिओवरच रूझवेल्ट यांच्या बाजूने बोलले. रायन यांनी आपले आयुष्य कामगारांच्या न्याय्य वेतनाच्या प्रश्नासाठी वेचले होते आणि पोप तेरावे लिओ यांचे 1891 चे 'रेरुम नोव्हारुम' हे विश्वपत्र हा त्यांच्या विचारांचा पाया होता. एकाच वेदीचे दोन सेवक, दोघांच्याही हाती ख्रिस्तसभेची सामाजिक शिकवण, आणि दोघांचे निष्कर्ष परस्परविरुद्ध! आमच्या मते रायन यांचे म्हणणे अधिक योग्य होते. कॉग्लिन पुढे ज्यूद्वेषाच्या आहारी गेले, हे इतिहासाने दाखवले. परंतु दोघांनीही उमेदवाराच्या नावाने बोलावे का, याबद्दल आमचे मन आजही साशंक आहे.

1960 साली जॉन केनेडी उभे राहिले. 12 सप्टेंबर रोजी ह्यूस्टन येथे प्रॉटेस्टंट पाळकांच्या सभेपुढे जाऊन, आपण कॅथोलिकांचे उमेदवार नसून डेमोक्रॅटिक पक्षाचे उमेदवार आहोत आणि सार्वजनिक बाबतीत ख्रिस्तसभा आपल्या वतीने बोलत नाही, असे त्यांनी स्पष्ट केले. त्या वर्षी दर चार कॅथोलिक मतदारांपैकी सुमारे तिघांनी त्यांना मत दिले. त्यानंतर 22 जानेवारी 1973 रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 'रो विरुद्ध वेड' खटल्यात गर्भपात हा घटनात्मक हक्क ठरवला आणि सगळी मांडणीच बदलली. हळूहळू डेमोक्रॅटिक पक्ष त्या हक्काचा कैवारी झाला व रिपब्लिकन पक्ष त्याचा विरोधक. कॅथोलिक मते दुभंगली. 2004 मध्ये डेमोक्रॅटिक उमेदवार जॉन केरी स्वतः कॅथोलिक असूनही कॅथोलिकांची अधिक मते जॉर्ज बुश यांना मिळाली. 2008 मध्ये तीच मते बराक ओबामा यांच्याकडे वळली आणि 2024 मध्ये ट्रम्प यांच्याकडे. 24 जून 2022 रोजी न्यायालयाने 1973 चा निर्णय रद्द केला आणि प्रश्न राज्यांच्या हाती आला, तरीही वाद शमलेला नाही.

आता त्या भगिनीच्या मूळ प्रश्नाकडे येऊ. गर्भातील जीवाची हेतुपुरस्सर हत्या हे गंभीर पाप आहे, ही ख्रिस्तसभेची शिकवण स्पष्ट आहे व तिच्यात फेरफार करण्याचा अधिकार आम्हाला नाही. पोप दुसरे जॉन पॉल यांनी 1995 च्या 'एव्हांजेलियुम विते' या विश्वपत्रात ती पुन्हा ठामपणे मांडली. मग हे पाप चालू देणाऱ्या उमेदवाराला मत देणारा त्या पापाचा भागीदार ठरतो काय?

सेमिनरीत नीतिशास्त्राच्या तासाला आम्हाला चोरासाठी शिडी धरणाऱ्या नोकराचे उदाहरण शिकवत असत. त्या लॅटिन पुस्तकातील शिडीपेक्षा आपल्या रस्त्यावरची रिक्षा अधिक उपयोगी पडेल. समजा, एखाद्या तालुक्याच्या गावी चोरून गर्भलिंग सांगणारे केंद्र आहे. तपासणी करणारा डॉक्टर तर प्रत्यक्ष पापकर्ताच. गावोगाव फिरून गिऱ्हाईक आणणारा व प्रत्येकामागे पैसे घेणारा दलाल स्वतः यंत्राला हात लावत नाही, पण ते कृत्य व्हावे हीच त्याची इच्छा असते. त्याचा सहभाग हेतुपुरस्सर आहे आणि तो पापात पुरता बुडालेला आहे. रिक्षावाला त्या जोडप्याला केंद्राच्या दारात सोडतो. कोठे व कशासाठी हे त्याला ठाऊक नसेल तर त्याला दोष नाही. शंका असेल, तरी ते कृत्य त्याला नकोच असेल आणि तो आपला नेहमीचा धंदा करीत असेल, तर त्याचा सहभाग दूरचा आहे. असा दूरचा सहभागदेखील क्षुल्लक कारणासाठी नसावा. तो पत्करण्याजोगे तेवढेच गंभीर कारण हवे, असे नीतिशास्त्र सांगते.

मतदार हा दलाल की रिक्षावाला, हे त्याच्या हेतूवर अवलंबून असते. 2004 मध्ये केरी यांच्या उमेदवारीवरून वाद पेटला, तेव्हा कार्डिनल जोसेफ रॅट्झिंगर, म्हणजे पुढचे पोप सोळावे बेनेडिक्ट, यांनी वॉशिंग्टनचे कार्डिनल मॅकॅरिक यांना एक टिपण पाठवले होते. त्याच्या शेवटच्या भागाचा आशय असा: उमेदवार गर्भपाताला अनुकूल आहे नेमक्या याच कारणासाठी जो त्याला मत देतो, तो त्या पापात हेतुपुरस्सर सहभागी होतो. परंतु ज्याला ती भूमिका मान्य नाही आणि जो अन्य कारणांसाठी मत देतो, त्याचा सहभाग दूरचा आहे, आणि तुल्यबळ कारणे असतील तर तो अनुज्ञेय ठरू शकतो. कर्मठ म्हणून ज्यांची ख्याती, त्या रॅट्झिंगर यांचे हे म्हणणे आहे. चित्रफीत पाठवणाऱ्यांनी ते वाचले असते तर नरकाचे दार त्यांनी इतक्या घाईने उघडले नसते.

अमेरिकन बिशपांनी 2007 मध्ये मतदारांसाठी जे मार्गदर्शक निवेदन काढले, त्यातही हीच वाट आहे. त्यांनी दोन्ही बाजूंना इशारा दिला आहे. एका बाजूला सांगितले की अन्य गंभीर नैतिक कारणासाठीच असे मत देता येईल, केवळ पक्षनिष्ठेसाठी किंवा स्वार्थासाठी नाही. दुसऱ्या बाजूला सांगितले की उमेदवार गर्भपाताच्या विरोधात आहे एवढ्यावर त्याच्या इतर अन्यायांकडे डोळेझाक करता येणार नाही. गर्भपाताचा धोका हा त्यांना अग्रक्रमाचा वाटतो, हेही त्यांनी नंतरच्या वर्षांत स्पष्टपणे नमूद केले आणि ते सोयीस्करपणे विसरणाऱ्यांशी आम्ही सहमत नाही. सप्टेंबर 2024 मध्ये सिंगापूरहून परतताना पोप फ्रान्सिस यांना विमानात पत्रकारांनी हाच प्रश्न विचारला. स्थलांतरितांना हाकलणे आणि बालकांना मारणे ही दोन्ही जीवनाविरुद्धची कृत्ये आहेत, कमी वाईट काय ते प्रत्येकाने आपल्या सदसद्विवेकबुद्धीने ठरवावे, पण मत द्यावे, असे त्यांचे उत्तर होते. त्यांनी नाव कोणाचेही घेतले नाही. त्यांच्यानंतर आलेले पोप चौदावे लिओ तर जन्माने अमेरिकन. सप्टेंबर 2025 मध्ये तेही म्हणाले की गर्भपाताला विरोध करून देहदंडाचे किंवा स्थलांतरितांच्या अमानुष वागणुकीचे समर्थन करणारा खऱ्या अर्थाने जीवनाचा कैवारी म्हणता येईल का, हा प्रश्नच आहे.

तात्पर्याने, सांगलीच्या त्या मुलाला त्याच्या आईने नरकाविषयी नव्हे, तर कारणाविषयी विचारायला हवे होते. तो का मत देतो? आपल्यासारख्या स्थलांतरितांच्या भवितव्याची चिंता, गरिबांचे औषधपाणी, बंदुकांचा सुळसुळाट ही त्याची कारणे असतील आणि गर्भपाताबाबत आपल्या पक्षाचे चुकते असे तो मनापासून मानत असेल, तर त्याने विचारपूर्वक निर्णय घेतला आहे. त्याच्याशी असहमत होता येईल, पण त्याला पापी म्हणता येणार नाही. मात्र 'तो प्रश्न जुनाट आहे, तिकडे कोण लक्ष देतो' असे त्याचे म्हणणे असेल, तर आईची चिंता रास्त आहे.

येथे आम्हाला आपल्याच अंगणाकडे बोट दाखवावेसे वाटते. आपल्या देशात गर्भपाताला परवानगी देणारा कायदा 1971 साली झाला. तेव्हा काँग्रेसचे सरकार होते. 2021 साली त्यात दुरुस्ती करून काही प्रकारच्या प्रसंगी 24 आठवड्यांपर्यंत मुदत वाढवली गेली, तेव्हा भारतीय जनता पक्षाचे सरकार होते. हा कायदा रद्द करू असे म्हणून कोणत्याही मोठ्या पक्षाने आजवर आपल्याकडे मते मागितलेली नाहीत. आम्हाला धर्मगुरू होऊन पुष्कळ वर्षे झाली, पण इथल्या लोकसभेच्या किंवा विधानसभेच्या निवडणुकीत 'फादर, या पक्षाला मत देणे पाप आहे का?' असा प्रश्न या कारणासाठी एकानेही आम्हाला विचारलेला नाही. न्यू जर्सीतील मुलासाठी आपली विवेकबुद्धी जागी होते आणि स्वतः रांगेत उभे असताना झोपते, याचे आम्हाला आश्चर्य वाटते.

प्रश्न इथे नव्हता असेही नाही. 2001 च्या जनगणनेत महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे 913 मुली होत्या. सातारा जिल्ह्यात 878 आणि सांगलीत 851. उसाने, दुधाने, द्राक्षांनी संपन्न असलेला हा कृष्णाकाठ मुलींच्या बाबतीत राज्यातील सर्वांत दरिद्री भागांपैकी एक निघाला. गर्भलिंगनिदानाला प्रतिबंध करणारा राज्याचा कायदा 1988 पासून आणि केंद्राचा 1994 पासून अस्तित्वात होता, तरी ही स्थिती! ऑक्टोबर 2011 मध्ये सातारा जिल्ह्यात एक समारंभ झाला. ज्यांची नावे आईवडिलांनी 'नकुशी' किंवा 'नकोशी' ठेवली होती, अशा 285 मुलींना त्या दिवशी नवी नावे मिळाली. आणि मार्च 2017 मध्ये मिरज तालुक्यातील म्हैसाळ येथे गर्भपातादरम्यान एका विवाहितेचा मृत्यू झाल्यावर तपास सुरू झाला, तेव्हा पुरलेले 19 भ्रूण पोलिसांना सापडले. त्या बातमीच्या दिवशी आम्ही मिस्साबलिदानात काय प्रवचन केले ते आज आठवत नाही; लोकांच्या माना खाली होत्या, एवढे आठवते.

या पापाविरुद्ध इथे कोण उभे राहिले? साताऱ्याच्या ॲडव्होकेट वर्षा देशपांडे आणि त्यांचे 'लेक लाडकी अभियान'. गर्भवती भगिनींना सोबत घेऊन या कार्यकर्त्या चोरून लिंग सांगणाऱ्या केंद्रांत गेल्या, पुरावे गोळा केले, डॉक्टरांना न्यायालयात खेचले, धमक्या सोसल्या. 2025 मध्ये त्यांना संयुक्त राष्ट्रसंघाचा लोकसंख्या पुरस्कार मिळाला. या सगळ्या मंडळी आपल्याकडच्या भाषेत पुरोगामी, म्हणजे उदारमतवादी. अमेरिकन मोजपट्टी लावली तर त्या 'लिबरल' गटात बसतील. कायद्याने संमत केलेल्या गर्भपाताविषयी त्यांचे आणि आमचे मत जुळणार नाही, हे आम्ही जाणतो. पण कृष्णाकाठी मुलींचे जीव वाचवण्याचे काम त्यांनी केले, आणि आपल्यातील कित्येक धर्मनिष्ठ घरे तेव्हा गप्प होती. तिकडच्या पक्षांच्या चिठ्ठ्या इकडच्या माणसांच्या कपाळी चिकटवता येत नाहीत, त्या अशा.

आता इथे राहून 'पाठिंबा' देण्याविषयी थोडेसे. भारतीय नागरिकाला अमेरिकेतील निवडणुकीत मत तर नाहीच, परंतु उमेदवाराला देणगीही देता येत नाही. परदेशी नागरिकांकडून पैसे घेण्यास तेथील कायदा मनाई करतो. ग्रीन कार्डधारकाला देणगी देता येते, मतदान करता येत नाही. तेव्हा मुलाच्या हाती पैसे देऊन 'माझ्यातर्फे भर' असे सांगणे हा कायद्याचा भंग होईल. आम्हा धर्मगुरूंवर तर आणखी बंधन आहे. ख्रिस्तसभेचा कायदा राजकीय पक्षांत सक्रिय भाग घेण्यास आम्हाला सर्वसाधारणपणे मनाई करतो. मॅसॅच्युसेट्सचे येशूसंघीय फादर रॉबर्ट ड्रायनन हे दहा वर्षे डेमोक्रॅटिक पक्षाचे प्रतिनिधी होते. रोमचा आदेश आल्यावर 1980 साली त्यांनी पुन्हा उभे राहण्याचा विचार सोडून दिला. दुसऱ्या व्हॅटिकन विश्वसभेनेही 1965 च्या आपल्या घटनापत्रात बजावले आहे की सार्वजनिक प्रश्नांवर प्रामाणिक ख्रिस्ती माणसांची मते वेगळी होऊ शकतात, आणि अशा वेळी ख्रिस्तसभेचा अधिकार कोणी केवळ आपल्याच मताच्या बाजूने वापरू नये. हे बंधन जसे आम्हाला, तसे चित्रफीत पाठवणाऱ्यालाही.

त्या भगिनीला आम्ही यातील बहुतेक गोष्टी साध्या शब्दांत लिहिल्या आणि मुलाला आपणहून फोन करा असे सुचवले. महिन्याभराने, निकाल लागल्यानंतर, त्या स्वतः भेटायला आल्या. मुलाचा उमेदवार हरला होता व तो खट्टू होता, पण दोघांचे बोलणे पुन्हा सुरू झाले होते. "पुष्कळ बोलला, फादर. निम्मे मला पटले नाही," त्या हसून म्हणाल्या. जाताना त्यांनी मिस्साचा एक हेतू लिहून घ्यायला सांगितला. कोणासाठी, असे आम्ही विचारले. त्या क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, "दोन्हीकडच्या पुढाऱ्यांसाठी लिहा. आणि इथल्याही."